चोरलेल्या पासवर्डचा माग: डार्क वेब निरीक्षण प्रकल्पाच्या नोंदी

७ जुलै २०२५

चाकणच्या कारखान्यासाठी डार्क वेब निरीक्षणाचा प्रकल्प आजपासून अधिकृतपणे सुरू झाला. डार्क वेब म्हणजे साध्या शोधात न सापडणारा आणि खास ब्राउझरनेच उघडणारा इंटरनेटचा भाग; चोरलेले पासवर्ड तिथे विकले जातात. आम्ही वाहनांचे सुटे भाग बनवतो. ग्राहकांची ड्रॉइंग, दरपत्रके, पुरवठादारांचे व्यवहार आणि कामगारांच्या बँक खात्यांचे तपशील आमच्याकडे असतात, आणि हे सारे कारखान्याबाहेरून व्हीपीएन (कंपनीच्या जाळ्याशी बाहेरून जोडणारी सुरक्षित वाट) किंवा पुरवठादार पोर्टलमार्फत पाहता येते. संचालक मंडळाने खर्चाला मंजुरी दिली ती मुख्यतः प्रमाणपत्रासाठी. आयएसओ २७००१ या माहिती सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीतील ५.७ हे नियंत्रण धोक्यांची माहिती मिळवून तिचा अभ्यास करायला सांगते, आणि नव्या आवृत्तीत येण्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत होती.

माझ्या दृष्टीने खरे कारण वेगळे आहे, आणि ते मी बैठकीत सविस्तर मांडले. मे २०२१ मध्ये अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन या कंपनीची सुमारे ८,८५० किलोमीटरची इंधनवाहिनी जवळपास सहा दिवस बंद राहिली. घुसखोर आत शिरले ते वापरात नसलेल्या, तरीही चालू राहिलेल्या एका व्हीपीएन खात्यातून. त्या खात्याला पासवर्डखेरीज दुसरी कोणतीही पडताळणी नव्हती, आणि तोच पासवर्ड डार्क वेबवर फुटलेल्या पासवर्डांच्या एका साठ्यात पुढे तपासकांना सापडला. कंपनीने ७५ बिटकॉइन, म्हणजे त्या वेळचे सुमारे ४४ लाख डॉलर, खंडणी म्हणून दिले. तो पासवर्ड त्या साठ्यात आहे हे आधी कुणी पाहिले असते आणि पाहून खाते बंद केले असते, तर तो रस्ता उरलाच नसता. या वाक्यातला ‘पाहून खाते बंद केले असते’ हा भाग आमच्या प्रकल्पाचा गाभा असावा, असे मी कार्यकक्षेत लिहून घेतले आहे. नुसते पाहणे विकणारे विक्रेते पुष्कळ आहेत.

कार्यकक्षेत आणखी एक खुलासा केला. टॉर या ओळख लपवणाऱ्या जाळ्यातील ५६ अक्षरी पत्त्यांवर चालणाऱ्या जागा हा आमच्या निरीक्षणाचा एकच भाग आहे. चोरीच्या मालाची मोठी उलाढाल टेलिग्रामच्या वाहिन्यांवर आणि साध्या ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या मंचांवरही होते. त्यामुळे ‘डार्क वेब’ हा शब्द आम्ही व्यवहारातील सोय म्हणून ठेवला असून निरीक्षण या सर्व ठिकाणांचे होईल.

११ जुलै २०२५

काय शोधायचे याची यादी तयार केली. चालू डोमेन नोंदवणे सोपे होते. वेळ गेला तो जुन्या गोष्टींत. कंपनीचे नाव बदलण्यापूर्वीच्या डोमेनवर आजही काही पुरवठादार मेल पाठवतात आणि ती मेल नव्या पत्त्यांवर वळवली जाते. ते डोमेन हातातून गेले असते, तर ते घेणाऱ्याला जुन्या पत्त्यांवर पासवर्ड बदलण्याचे दुवे मागवता आले असते. त्याचे नूतनीकरण आजच लांब मुदतीसाठी करून घेतले. याशिवाय व्हीपीएन आणि पोर्टल यांचे पत्ते, सार्वजनिक आयपी, उत्पादनांची सांकेतिक नावे आणि ज्यांच्याकडे ग्राहकांची ड्रॉइंग जातात अशा पुरवठादारांची नावे यादीत घेतली. पुरवठादारांची नावे घालायला खरेदी विभाग नाखूश होता, कारण त्यातून अविश्वास दिसतो असे त्यांचे म्हणणे पडले. मी ती नावे ठेवण्याचा आग्रह धरला.

१६ जुलै २०२५

आजची बैठक कायदा विभाग आणि मनुष्यबळ विभाग यांच्याबरोबर झाली. या कामात मर्यादा आधी ठरल्या नाहीत, तर चांगल्या हेतूने काम करणारा माणूसही अडचणीत येतो. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणक प्रणालीत शिरणे किंवा तिथली माहिती उतरवून घेणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये येते, आणि तेच अप्रामाणिकपणे केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून पुढील गोष्टी लेखी निश्चित झाल्या. सापडलेला कोणताही पासवर्ड ‘चालतो का’ हे पाहण्यासाठी आम्ही बाहेरच्या कोणत्याही संकेतस्थळावर वापरणार नाही. चोरीचा माल विकत घेणार नाही, कारण त्या पैशातून पुढची चोरी पोसली जाते. खोट्या नावाने मंचांवर खाती उघडून बोलणी करणार नाही. कारखान्याच्या जाळ्यातून त्या जागा कुणीही उघडणार नाही.

मनुष्यबळ विभागाच्या मॅडमनी विचारलेला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. एखाद्या कर्मचाऱ्याच्या घरच्या संगणकातून चोरलेली माहिती आमच्यापर्यंत आली, तर तिच्यात कंपनीच्या पासवर्डबरोबर त्याच्या बँकेचे, दवाखान्याचे, विवाहमंडळाचे खातेही दिसेल. मग त्याचे तुम्ही काय करणार? ठरले ते असे: विक्रेत्याकडून फक्त आमच्या डोमेनशी आणि पोर्टलशी संबंधित ओळी घ्यायच्या, पासवर्डची पहिली दोन अक्षरे सोडून उरलेली झाकलेली ठेवायची, आणि खाजगी खात्यांबद्दल त्या व्यक्तीला सावध करण्याइतकेच सांगायचे. असा इशारा शिस्तभंगाच्या कारवाईचा आधार होणार नाही, हेही मॅडमनी लिहून घेतले. त्याचे मी मनापासून स्वागत केले. शिक्षेची भीती असली की माणूस संगणक पुसून टाकतो आणि तपासाचा दुवाच नाहीसा होतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ चे नियम जुलै २०२५ मध्ये अजून मसुद्याच्या अवस्थेत होते. तथापि सुरक्षेच्या उपायांत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे. संरक्षणासाठी गोळा केलेली माहिती आमच्याकडूनच फुटू नये, हे त्यामुळे अधिकच निकडीचे झाले आहे.

२३ जुलै २०२५

विक्रेत्यांच्या चाचण्या संपल्या. सगळ्यांनी आपल्याकडे किती अब्ज नोंदी आहेत हे सांगण्यावर भर दिला. मी तो आकडा तुलनेच्या तक्त्यातून काढून टाकला. जानेवारी २०१९ मध्ये ‘कलेक्शन नंबर वन’ नावाचा जो साठा फिरत होता, त्यात सुमारे ७७ कोटी मेल पत्ते होते, आणि त्यातला बराच माल आधीच्या गळत्यांतून जमा केलेला होता. जुना माल पुन्हा एकत्र बांधून विकणे हा या बाजाराचा रिवाज असल्यामुळे नोंदींची संख्या वाढली म्हणून धोका वाढला असे होत नाही.

आम्ही प्रत्येकाला विचारले ते असे: माहिती चोरीला गेली ती तारीख आणि ती बाजारात आली ती तारीख वेगवेगळी दाखवता का? संगणकाचे नाव, वापरकर्त्याचे नाव, संसर्गाची वेळ देता का? पासवर्डबरोबर सेशन कुकी (एकदा प्रवेश केल्यावर पुन्हा पासवर्ड न विचारता आत ठेवणारी ब्राउझरमधील खूण) चोरीला गेल्या आहेत का हे सांगता का? रात्री इशारा आला तर तो मेलमध्येच पडून राहतो, की कुणाला फोन करता? ज्या एका विक्रेत्याने चारही प्रश्नांना नमुन्यासह उत्तर दिले, त्याची निवड केली. त्याच्या जोडीला ‘हॅव आय बीन पोन्ड’ या, मेल पत्ता गळतीत आला आहे का हे सांगणाऱ्या आणि ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या सेवेत आमची डोमेन पडताळून नोंदवली. लहान उद्योगांनी मोठा खर्च करण्यापूर्वी तिथूनच आरंभ करावा, असे माझे मत आहे.

२९ जुलै २०२५

पहिला अहवाल आला. अपेक्षेप्रमाणे मोठा भाग जुन्या गळत्यांचा आहे. २०१२ मध्ये लिंक्डइनमधून चोरीला गेलेली आणि मे २०१६ मध्ये विक्रीला आलेली १६ कोटींहून अधिक खाती आजही अशा प्रत्येक अहवालात हजेरी लावतात. असे निष्कर्ष फेकून द्यावेत की नाहीत यावर चर्चा झाली. माणूस नोकरी बदलतो, फोन बदलतो, पण आवडता पासवर्ड सहसा बदलत नाही. शेवटी एखादा अंक वाढवतो, इतकेच. म्हणून जुन्या नोंदींसाठी माणसांना मेल पाठवण्याऐवजी मुळावर उपाय केला. नवा पासवर्ड ठरवताना तो फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत आहे का, हे आता आमची प्रणाली तपासते. त्यासाठी पासवर्ड बाहेर पाठवावा लागत नाही. त्याच्यापासून गणिती पद्धतीने बनणाऱ्या ‘शा-१’ हॅश या सांकेतिक ओळीच्या ४० अक्षरांपैकी फक्त पहिली पाच बाहेर जातात, त्या पाच अक्षरांनी सुरू होणारी सगळी यादी परत येते आणि जुळणी आमच्याच सर्व्हरवर होते. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलण्याची सक्ती त्याच वेळी काढून टाकली. ‘निस्ट’ या अमेरिकी मानक संस्थेच्या ८००-६३बी या मार्गदर्शिकेतही हीच दिशा आहे.

६ ऑगस्ट २०२५

आज सकाळी विक्रेत्याचा फोन आला आणि प्रकल्पाची खरी कसोटी सुरू झाली. एका इन्फोस्टीलरच्या लॉगमध्ये आमच्या व्हीपीएनचा आणि पुरवठादार पोर्टलचा पासवर्ड होता, शिवाय पोर्टलची सेशन कुकीही होती.

इन्फोस्टीलर हा संगणकात शिरून ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कुकी आणि आपोआप भरली जाणारी माहिती काही क्षणांत उचलून नेणारा प्रोग्राम असतो. नेलेला माल प्रत्येक संगणकाच्या एकेका गठ्ठ्याच्या (यालाच लॉग म्हणतात) रूपात विकला जातो, आणि ‘रशियन मार्केट’ या चोरीच्या मालाच्या ऑनलाइन बाजारासारख्या ठिकाणी अशा एका गठ्ठ्याची किंमत साधारण दहा डॉलर असते. याच मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने आणि अनेक देशांच्या यंत्रणांनी लुमा या इन्फोस्टीलरची सुमारे २,३०० डोमेन बंद पाडली. त्याआधीच्या दोन महिन्यांत जगभरातील ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज संगणकांना त्याची लागण झालेली आढळली होती.

लॉगमधील संगणकाचे नाव आमच्या यादीत नव्हते. वापरकर्त्याच्या नावावरून आणि खात्यावरून तो आमच्या यंत्रांची देखभाल करणाऱ्या बाहेरच्या कंत्राटदाराच्या अभियंत्याचा घरचा संगणक असल्याचे कळले. मी त्यांना स्वतः फोन केला. सुरुवातीला ते घाबरले. कुणावर ठपका येणार नाही हे सांगितल्यावर त्यांनी मोकळेपणाने सगळे सांगितले. संगणक घरातील सगळे वापरतात, मुलाने एका खेळासाठी फुकटची फाइल उतरवली होती आणि ती चालावी म्हणून अँटिव्हायरस थोडा वेळ बंद केला होता. रात्री यंत्र अडले की कारखान्यातून फोन येतो आणि ऑफिसचा लॅपटॉप जवळ नसतो, म्हणून ते आमच्या व्हीपीएनवर त्याच संगणकावरून येत. म्हणजे आमची निकड भागवताना त्यांनी ही वाट धरली होती, आणि हे आमच्या अहवालात स्पष्ट नमूद झाले पाहिजे.

उपायांचा क्रम इथे फार महत्त्वाचा ठरतो. आधी खाते थांबवले, मग त्याची सर्व चालू सेशन रद्द केली, कारण कुकी जिवंत असेपर्यंत पासवर्ड बदलूनही चोर आत राहू शकतो आणि दुसरी पडताळणीही त्याला अडवत नाही. नवा पासवर्ड मात्र आज दिलाच नाही. संगणक पूर्ण पुसून विंडोज नव्याने बसवल्याशिवाय दिलेला नवा पासवर्ड त्याच वाटेने पुन्हा बाहेर जाईल. त्यांनी बँकेचे आणि मेलचे पासवर्ड पत्नीच्या फोनवरून बदलावेत, असे सुचवले आणि ते होईपर्यंत फोनवर थांबलो.

७ ऑगस्ट २०२५

व्हीपीएन आणि पोर्टल यांच्या नोंदी संसर्गाच्या तारखेपासून तपासल्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात, म्हणून त्या हाताशी होत्या. अनोळखी पत्त्यावरून यशस्वी प्रवेश झालेला दिसला नाही. अनधिकृत प्रवेशाचा पुरावा नसल्यामुळे सर्ट-इनला कळवण्याची गरज नाही, असे कायदा विभागाचे मत पडले आणि ते कारणांसह नोंदवले. त्याच निर्देशांत घटना लक्षात आल्यापासून किंवा कुणी लक्षात आणून दिल्यापासून सहा तासांत कळवण्याचे बंधन आहे. यातील ‘लक्षात आणून दिल्यापासून’ हे शब्द निरीक्षण सेवा घेणाऱ्या प्रत्येक कंपनीने नीट वाचावेत, असे मला वाटते. विक्रेत्याची मेल रात्री दोन वाजता येऊन पडली, तर आपण झोपेत होतो हे कारण पुढे करता येईल असे मी गृहीत धरणार नाही. कळवण्याचा नमुना आधीच भरून ठेवला.

१३ ऑगस्ट २०२५

पोर्टलला दुसरी पडताळणी सक्तीची करावी, हा प्रस्ताव उत्पादन विभागाशी चर्चेला आला. रात्रपाळीला पुरवठादाराचा माणूस दारात गाडी घेऊन उभा असतो आणि कोड आला नाही म्हणून चलन निघाले नाही तर लाइन थांबते, ही उत्पादन प्रमुखांची हरकत वाजवी होती. उत्तरादाखल मी स्नोफ्लेक या डेटा साठवणाऱ्या क्लाउड कंपनीच्या ग्राहकांचे २०२४ मधील डेटाचोरीचे प्रकरण मांडले. मॅन्डियंट या सायबर सुरक्षा कंपनीच्या तपासात सुमारे १६५ संस्थांना धोका असल्याचे कळवण्यात आले. त्यांत वापरलेले काही पासवर्ड २०२० पासूनच्या इन्फोस्टीलर संसर्गांतून आलेले होते, आणि काही संसर्ग खेळ व चोरीची सॉफ्टवेअर उतरवण्यासाठीही वापरल्या जाणाऱ्या कंत्राटदारांच्या संगणकांवर झाले होते. चार वर्षे जुना पासवर्ड चालला, कारण तो कुणी बदलला नव्हता आणि दुसरी पडताळणी नव्हती. आमच्या ६ ऑगस्टच्या घटनेशी याचे साम्य सर्वांना जाणवले. ड्रॉइंग आणि दर दिसणाऱ्या पानांसाठी दुसरी पडताळणी लगेच सुरू होईल, आणि चलनाचे पान ठरावीक संगणकांपुरते बांधले जाईल. सेशनची मुदत तीस दिवसांवरून एका पाळीवर आणली.

२२ ऑगस्ट २०२५

येत्या बुधवारी गणेश चतुर्थी आहे. सुट्टीच्या दिवसांत इशारे कोण घेणार याचे पाळीपत्रक लावले. कॉसमॉस बँकेवरील हल्ला पुण्यात अजून कुणी विसरलेले नाही: ११ ऑगस्ट २०१८ हा दुसरा शनिवार होता, बँका बंद होत्या, आणि त्या दिवशी २८ देशांतून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले, १३ ऑगस्टला स्विफ्ट या बँकांमधील संदेशप्रणालीमार्फत हाँगकाँगला १३.९२ कोटी रुपये वळवले गेले, आणि एकूण नुकसान ९४.४२ कोटींचे झाले. त्या हल्ल्यात बनावट स्विच (कार्डाचे व्यवहार बँकेकडे मंजुरीसाठी नेणारी यंत्रणा) उभा करून व्यवहार मंजूर केले गेले होते. डार्क वेब निरीक्षणाने तो टळला असता, असे मी म्हणणार नाही आणि सहकाऱ्यांनीही म्हणू नये. सुट्टी पाहून हल्ला होतो, एवढ्यापुरतेच ते उदाहरण पाळीपत्रकाला लागू आहे.

आज पोर्टलमध्ये काही खोटी खातीही पेरली. ती कोणत्याही माणसाची नाहीत. ती कुठे विक्रीला दिसली किंवा त्यांनी कुणी प्रवेश करून पाहिला, तर गळती आमच्याच साठ्यातून झाली हे लगेच कळेल.

९ सप्टेंबर २०२५

भोसरीतील एका लहान पुरवठादाराचे नाव एका रॅन्समवेअर टोळीच्या (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्यांच्या) पानावर आल्याचा इशारा मिळाला. अशा टोळ्या पैसे न देणाऱ्यांची नावे प्रसिद्ध करतात आणि उलट्या मोजणीचे घड्याळ लावतात. त्यांचे दावे नेहमीच खरे नसतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय गुन्हे संस्थेच्या पुढाकाराने लॉकबिट या अशाच टोळीची यंत्रणा ताब्यात घेतली गेली, तेव्हा खंडणी दिलेल्यांची माहितीही टोळीने पुसलेली नव्हती, हे उघड झाले. तेव्हा यांच्या शब्दावर विसंबून काहीच ठरवता येत नाही.

नमुन्यादाखल टाकलेल्या फाइलींत आमच्या ग्राहकाची ड्रॉइंग आहेत का, हे पाहण्याचा मोह सर्वांनाच होता. १६ जुलैची मर्यादा इथे पाळली. फाइली न उतरवता विक्रेत्याकडून फक्त फाइलींच्या नावांची यादी मागवली. तीत आमचे दोन भाग क्रमांक आढळले.

पुरवठादाराच्या मालकांना खरेदी प्रमुख आणि मी प्रत्यक्ष जाऊन भेटलो. हल्ला झाल्याचे त्यांना अगोदरपासून माहीत होते. ऑर्डर जाईल या भीतीने त्यांनी कुणाला सांगितले नव्हते, आणि दिवसभर एक माणूस बसवून बॅकअपमधून हिशेब परत उभे करत होते. त्यांचा राग यावा असे त्यांनी काही केले नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते. सांगणाऱ्याला मदत मिळते असा अनुभव त्यांना आजवर आलेलाच नाही. ऑर्डर थांबणार नाही हे खरेदी प्रमुखांनी तिथेच सांगितले, सर्ट-इनला आणि सायबर पोलिसांना कळवण्याचे कागद आम्ही बरोबर बसून भरले, आणि संध्याकाळी जर्मनीतील ग्राहकाला आमच्याकडून सविस्तर पत्र गेले. जुलैत यादीतून पुरवठादारांची नावे गाळली असती, तर ग्राहकाला हे आमच्याऐवजी दुसऱ्या कुणाकडून कळले असते. खरेदी विभागाने आज आणखी काही नावे आपणहून दिली.

२४ सप्टेंबर २०२५

संचालकांना द्यायच्या मासिक अहवालातून ‘सापडलेल्या नोंदी’ हा रकाना काढला. त्याऐवजी इशारा आल्यापासून खाते बंद होईपर्यंत आणि सेशन रद्द होईपर्यंत किती वेळ लागला, हे दाखवले जाईल. दिवसाच्या इशाऱ्यांवर काम तासाभरात होते. रात्रीच्या इशाऱ्यांना अजून सकाळ उजाडते, कारण खाते थांबवण्याचा अधिकार पाळीवरील माणसाकडे नाही. तो अधिकार त्याला लेखी देण्याचा प्रस्ताव पाठवला आहे. चुकून एखाद्या संचालकाचे खाते अर्धा दिवस बंद राहिले तरी चालेल, असे मी त्यात स्पष्ट लिहिले.

१६ ऑक्टोबर २०२५

लेखापरीक्षण झाले. परीक्षकांनी ५.७ साठी अहवालांची फाइल मागितली, पण जास्त वेळ घालवला तो ६ ऑगस्ट आणि ९ सप्टेंबरच्या घटनांवर. रात्रपाळीला खाते थांबवण्याचा अधिकार मंजूर झाला असून दिवाळीचे पाळीपत्रक त्यानुसार लावले आहे. देखभाल अभियंत्यांना आमच्याकडून लॅपटॉप दिले गेले, आणि व्हीपीएन आता फक्त त्यांवरूनच जोडला जातो.

शिल्लक राहिले ते दोन विषय. कारखान्याच्या काही भागांत मोबाइल नेण्यास मनाई असल्यामुळे तिथे कोडऐवजी यूएसबी सुरक्षा किल्ल्या द्याव्या लागतील. त्यांची चाचणी सुरू आहे. दुसरा विषय पुरवठादारांच्या करारातील कलमाचा आहे. घटना घडल्यास एका दिवसात कळवणे आणि कळवल्याबद्दल ऑर्डर न थांबवणे, अशी दोन्ही बाजूंची बंधने त्यात घातली आहेत. मेलने पाठवलेला करार बरेच जण न वाचताच सही करून परत करतात, म्हणून दिवाळीनंतर खरेदी विभागाबरोबर प्रत्येकाच्या शेडवर जाऊन ते कलम मराठीत समजावून सांगायचे ठरले आहे. पहिली भेट भोसरीला.